'सिक्स'चा 'सक्स' झाला तेव्हा

न्यूझीलंडमधला क्रिकेट सामना पहाटे उठून पाहिला असेल आणि समालोचक तिथलाच असेल, तर चेंडू प्रेक्षकांत पडल्यावर 'सिक्स'ऐवजी 'सक्स'सारखं काहीतरी कानावर पडल्याचं आठवेल. 'पेन' तिथे 'पिन'कडे झुकतो, 'बॅड' जवळजवळ 'बेड' होतो. ब्रिटनमधून गेलेल्यांची मुलंनातवंडं ब्रिटनसारखी बोलेनाशी नेमकी कधी झाली? बदल घडताना तो टिपायला कोणी बसलेलं नसतं, त्यामुळे हे सहसा सांगता येत नाही. न्यूझीलंडला मात्र ते बऱ्यापैकी सांगता येतं, तेही योगायोगाने.

१९४६ ते १९४८ या काळात तिथल्या सरकारी रेडिओने तबकड्यांवर ध्वनिमुद्रण करणारी एक गाडी गावोगाव फिरवली. म्हाताऱ्या माणसांकडून वसाहतीच्या सुरुवातीच्या आठवणी टिपायच्या, एवढाच हेतू. सुमारे ३०० जण बोलले. त्यांतले सर्वांत वयस्कर १८५०च्या दशकात जन्मलेले. पुढे क्राइस्टचर्चच्या कँटरबरी विद्यापीठातले भाषाशास्त्रज्ञ याच तबकड्या ऐकायला बसले, पण आठवणींसाठी नव्हे, स्वरांसाठी.

मोठेपणी बोटीतून उतरलेल्या माणसाचा मूळ हेल सहसा सुटत नाही. मुलं मात्र आईबापांपेक्षा बरोबरीच्या पोरांसारखी बोलतात. नागपूरहून पुण्यात आलेल्या घरात आईबाप 'करून राहिलो'वर ठाम असतात आणि पोरगं वर्षभरात पुणेरी होतं, तसंच. पण वसाहतीतल्या पहिल्या मुलांपुढे अडचण अशी, की शेजारची पोरंही लंडन, स्कॉटलंड, आयर्लंड अशी भलतीकडची. कोणाची नक्कल करायची? म्हणून या पिढीच्या बोलण्यात खिचडी सापडते. एकाच तोंडात एक उच्चार स्कॉटिश तर दुसरा दक्षिण इंग्लंडचा, आणि शेजाऱ्याची खिचडी पुन्हा वेगळीच. स्थिरस्थावर हेल आला तो त्यानंतरच्या मुलांच्या तोंडी.

त्यातही गावागावांत फरक. ॲरोटाउनला १८६२मध्ये सोनं सापडलं आणि ठिकठिकाणची माणसं तिथे लोटली. तिथे नवा हेल लवकर रुजला. मिल्टन हे गाव मुख्यतः स्कॉटिश लोकांचं, तिथे तो उशिरा आला. भेसळ जास्त तिथे नवेपण लवकर.

पीटर ट्रडगिल हे ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ म्हणतात, की या घडणीत अस्मितेचा काही वाटाच नाही. ज्या उच्चाराचे बोलणारे जास्त तो टिकला, बाकीचे गळाले. सगळ्या अभ्यासकांना हे मान्य नाही. मला ते निम्मं पटतं. आठ वर्षांचं पोर 'आपण आता वेगळे लोक' असं ठरवून स्वर बदलत नाही. पण एकदा घडलेला हेल लोकांनी जपला का, याचं उत्तर नुसत्या डोकेमोजणीत सापडत नाही.

कारण मनं बराच काळ मागे ब्रिटनमध्येच होती. १८८६च्या जनगणनेत माओरी (तिथले मूळ रहिवासी) नसलेल्या लोकांपैकी निम्म्याहून अधिक न्यूझीलंडमध्येच जन्मलेले होते. तरी ब्रिटन कधी न पाहिलेली माणसंही त्याला 'होम' म्हणत. १९००च्या आसपास शाळा तपासणारे अधिकारी मुलांच्या 'वसाहती' उच्चारांबद्दल कुरकुरू लागले. म्हणजे तोवर तो हेल नाक मुरडण्याइतका स्पष्ट झाला होता. ब्रिटनमधून आलेल्यांच्या या वंशजांना वेगळं ओळखणारा 'पाकेहा' हा शब्दही त्यांचा स्वतःचा नव्हे, तर ज्यांच्या भूमीवर ते वसले त्या माओरींचा. १९०१मध्ये ऑस्ट्रेलियाच्या वसाहती एक झाल्या तेव्हा न्यूझीलंड बाहेर राहिलं. १९१५मध्ये साम्राज्यासाठी लढायला गेलेले तरुण तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीत मोठ्या संख्येने पडले. ते तिथे उतरले तो २५ एप्रिल न्यूझीलंडमध्ये आजही पाळला जातो, आणि स्वतंत्र राष्ट्र म्हणून आपली जाणीव गॅलिपोलीत जागी झाली असं पुष्कळ जण मानतात.

ब्रिटिश संसदेने १९३१मध्येच देऊ केलेलं कायदे करण्याचं पूर्ण स्वातंत्र्य न्यूझीलंडने स्वीकारलं ते नोव्हेंबर १९४७मध्ये. त्या वेळी रेडिओची ती गाडी अजून फिरतच होती, आणि तबकड्यांवर बोलणाऱ्या ॲरोटाउनच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी नवा हेल लहानपणापासूनच होता.