सर्वांत कमी दर म्हणजे काम पक्कं?

"सरकारी खरेदीत सर्वांत कमी दर भरणाऱ्यालाच काम द्यावं लागतं, म्हणून माल हलका येतो," हे अमळनेर-चोपड्याकडच्या पारावर आणि फोनवरच्या फॉरवर्डमध्ये वर्षानुवर्षं फिरतंय. हलक्या मालाचा अनुभव खोटा नाही, पण नियम अर्धाच सांगितला जातो.

समजा, गावाच्या पाणीपुरवठ्यासाठी पंप घ्यायचाय. दोन लिफाफा पद्धतीत पुरवठादार मालाची तांत्रिक माहिती आणि दर वेगवेगळ्या लिफाफ्यांत देतात. आधी तांत्रिक लिफाफा उघडतात. जो अटींत बसत नाही, त्याचा दराचा लिफाफा उघडतच नाहीत. उरलेल्यांतला सर्वांत कमी दर धरतात. म्हणजे खरी मेख अटींत. नुसतं '7.5 एचपी पंप' लिहिलं तर काहीही चालून जातं. हेड (पाणी किती उंच चढवायचं), डिस्चार्ज (ठरावीक वेळात किती पाणी फेकायचं), आयएसआय मार्क, हमीची मुदत लिहिली की बराचसा हलका माल तिथेच गळतो. हे लिहिणं आणि माल आल्यावर तपासून घेणं शिकावं लागतं. बदली होऊन कालच खरेदीच्या टेबलावर बसलेल्या लिपिकाला ते आपोआप कसं येणार?

सल्लागार नेमताना तर गुणवत्तेलाही गुण देता येतात.

पडताळायचं असेल तर ई-निविदा संकेतस्थळावर निविदेच्या अटी वाचा. तांत्रिक छाननीचा तक्ता 10 रुपयांच्या माहिती अधिकार अर्जाने मागता येतो. उत्तराची मुदत 30 दिवस.