द्विमुखी सौर पॅनेल

पुढील व मागील अशा दोन्ही बाजूंवर पडणाऱ्या प्रकाशापासून वीजनिर्मिती करणारे पॅनेल. त्याच्या मागील बाजूस अपारदर्शक थराऐवजी काच किंवा पारदर्शक थर असतो.

उगम : कल्पनेचे श्रेय सामान्यतः जपानी संशोधक एच. मोरी यांना दिले जाते. त्यांचा पेटंट-अर्ज १९६० चा, तर अमेरिकी पेटंट १९६६ चे. सोव्हिएट संघातही साधारण याच काळापासून समांतर काम चालू असावे. १९७० च्या दशकात सोव्हिएट सॅल्यूत अवकाशस्थानकांवर असे घट (प्रकाशाची वीज करणारे पॅनेलमधील सुटे भाग) वापरले गेले. जमिनीवरील पॅनेलांपुरते बोलायचे, तर माद्रिदच्या आंतोनिओ लूके यांच्या गटाकडे बोट दाखवणे अधिक सयुक्तिक वाटते. कारण भोवतालचा परावर्तित प्रकाश हाच त्यांच्या विचाराचा गाभा होता. त्यातूनच १९८१ मध्ये मालागा येथे इसोफोतोन ही कंपनी निघाली. याच गटातील आंद्रेस क्वेव्हास व सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये ५० टक्के जादा शक्तीची नोंद प्रसिद्ध केली. तो आकडा भोवतालचे पृष्ठभाग पांढरे रंगवून मिळालेला असल्याने घरच्या हिशेबात धरू नये.

निवड : मागील बाजूची क्षमता पुढीलच्या किती पट, हे द्विमुखता गुणांक सांगतो. घटांच्या प्रचलित प्रकारांपैकी पर्कमध्ये तो सुमारे ०.७, टॉपकॉनमध्ये ०.८ आणि हेटेरोजंक्शनमध्ये ०.९ च्या आसपास असतो. ५५० वॅटच्या, ०.८ गुणांकाच्या पॅनेलमागे पुढच्याच्या १० टक्के प्रकाश पोहोचला, तर भर ५५० × ०.८ × ०.१ म्हणजे ४४ वॅटची. तो १० टक्के प्रकाश पोहोचतो का, हे खालचा पृष्ठभाग ठरवतो. डांबर सुमारे १०, गवत २०, काँक्रीट २५ ते ३० आणि स्वच्छ पांढरा लेप ६० टक्क्यांहून अधिक प्रकाश परतवतो. लेप मळला की हा लाभ झपाट्याने घटतो. उतरत्या छपराला चिकटून बसवायचे असेल, तर द्विमुखीपणासाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. माहितीपत्रकात मागून १३५ वॅट प्रति चौ. मी. प्रकाश गृहीत धरलेला शक्तीचा आकडाही असतो. तुलना मात्र पुढील बाजूच्या वॅटवरूनच करावी.

उभारणी : सपाट गच्चीवर खालची कड शक्यतो अर्धा ते एक मीटर उंच ठेवतात. उंची वाढली की वाराही जास्त उचलतो, त्यामुळे पाया व अँकर त्या हिशेबाने घ्यावे लागतात. आधाराच्या पट्ट्या घटांमागून न नेता चौकटीच्या कडेने न्याव्यात, केबल चौकटीला बांधावी. मागची सावली एकाच ओळीतील घटांवर पडली, तर भर असमान होते. दोन्हीकडे २ मिमी काच असलेली पॅनेले जड असतात आणि ती काच पूर्ण टफन (उष्णतेने कणखर) केलेली नसते. क्लँप जास्त आवळल्यास कडेपासून तडा जातो. म्हणून टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) वापरून उत्पादकाने दिलेल्या जागीच क्लँप लावावेत.

इन्व्हर्टरच्या एमपीपीटी इनपुटची (पॅनेलांकडून जास्तीत जास्त शक्ती काढून घेणाऱ्या जोडणीची) प्रवाहमर्यादा तपासताना मागील भरही मोजावी. पुढून १३ अँपिअर देणारे पॅनेल १० टक्के भरीने १४.३ वर जाते. मर्यादा १३ ची असेल, तर नेमकी भर दुपारची जादा वीज कापली जाते.