जिभेच्या नसेला रात्रभर टोचणी

घोरणाऱ्याकडे बघून ‘काय गाढ झोपलाय!’ म्हणायची आपली जुनी खोड. फार तर ‘नाकात तुपाचे थेंब सोड’ असा घरगुती सल्ला. घोरण्यामागे आजार असू शकतो, हे ध्यानातच येत नाही. २०२२ मध्ये मुंबईत बप्पी लाहिरी गेले, डॉक्टरांनी ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्नियाचं नाव घेतलं. चार दिवस चर्चा झाली आणि विरली.

या आजारात झोपेत घसा मिटतो, श्वास दहा सेकंद किंवा त्याहून जास्त अडतो, रक्तातला ऑक्सिजन उतरतो. हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारा सीपॅपचा मास्क हा अजूनही पहिला उपाय. पण तो अनेकांना सोसवत नाही. अशांसाठी ‘इन्स्पायर’ नावाच्या उपकरणाला अमेरिकेत २०१४ साली मंजुरी मिळाली.

जीभ म्हणजे एक स्नायू नव्हे, जुडगाच. त्यातला सर्वांत मोठा, जिनिओग्लॉसस, हनुवटीच्या हाडाला आतून चिकटलेला असतो. तो आकसला की जीभ पुढे येते. जागेपणी आपण श्वास आत घेण्याच्या किंचित आधी मेंदू त्याला इशारा देतो, म्हणून हवा ओढली जाताना घसा मिटत नाही. झोपेत हा इशारा मंदावतो. घसा मुळात अरुंद असेल तर जीभ मागे पडून वाट बुजते.

‘इन्स्पायर’चं काम एवढंच: हा इशारा बाहेरून द्यायचा. कॉलरबोनखाली पेसमेकरसारखी डबी बसवतात, तिची तार हनुवटीखाली हायपोग्लॉसल नसेला जोडतात. गंमत अशी, की जीभ मागे ओढणारे स्नायूही याच नसेवर चालतात! त्यामुळे सर्जन बारीक करंट देऊन एकेक फांदी तपासतो आणि मागे ओढणाऱ्या फांद्या वगळून उरलेल्यांभोवतीच तारेचा पट्टा बसवतो. श्वासाची लय ओळखायला सेन्सर असतो. झोपताना रिमोटने चालू, उठल्यावर बंद.

या उपकरणाच्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १२६ जण होते. ताशी श्वास अडण्याचं मध्यक प्रमाण वर्षभरात २९.३ वरून ९ वर आलं. मग फायदा झालेल्या ४६ जणांपैकी निम्म्यांचं यंत्र आठवडाभर बंद ठेवलं. त्यांची सरासरी ७.६ वरून थेट २५.८! मला हाच पुरावा सर्वांत पटतो. नाकात तुपाचे थेंब सोडून जीभ पुढे येत नाही.

अर्थात हे सरसकट सगळ्यांसाठी नाही. टाळूमागची जागा चहूबाजूंनी मिटत असेल तर जीभ पुढे ओढून फारसा उपयोग होत नाही. म्हणून आधी औषधाने झोपवून, दुर्बीण घालून घसा नेमका कुठे आणि कसा मिटतो ते पाहतात. बॅटरी सुमारे ११ वर्षं टिकते. मग डबी बदलायला पुन्हा छोटी शस्त्रक्रिया.