डिक्कीतल्या बाटलीत पाणी बदलतं

नागपुरात मानेवाड्याकडच्या आमच्या लेआउटमध्ये बोअरच्या पाण्याच्या बादल्यांवर तांबूस थर बसतो. लोह असणार, हे कुणीही सांगेल, पण किती? गेल्या मे महिन्यात कोल्ड्रिंकची रिकामी बाटली विसळली, बोअरचं पाणी भरलं, स्कूटरच्या डिक्कीत टाकली आणि बर्डीवरची दोन-चार कामं उरकून भर दुपारी प्रयोगशाळेत पोचलो. तिथल्या ताईंनी बाटली उजेडात धरली आणि परत माझ्या हातात दिली. "काका, हे आता तुमच्या बोअरचं पाणी राहिलं नाही."

भरताना पाणी काचेसारखं स्वच्छ होतं. आता तळाशी लालसर गाळ होता.

जमिनीत खोलवर ऑक्सिजन जवळजवळ नसतो. तिथे लोह फेरस रूपात पाण्यात विरघळलेलं असतं, रंग न दाखवता. पाणी वर आलं, हवा लागली, की फेरसचं फेरिक होतं, आणि फेरिक लोह साध्या पाण्यात विरघळून राहत नाही. गंजासारखं खाली बसतं. त्याच वेळी पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच (आम्लता दाखवणारा आकडा, आम्ल जास्त तर तो कमी) चढतो, आणि लोहाचं हे रूपांतर आणखी वेगात होतं. कॅल्शियमही कार्बोनेट होऊन बसू लागतं, म्हणजे पाण्याचा जडपणासुद्धा कमी दिसणार. नागपूरच्या उन्हात तापलेली डिक्की या सगळ्याला हातभारच लावते. वरचं निवळ पाणी मोजलं तर लोह कमी येणार. हलवून मोजलं तर गाळाचा किती अंश नळीत आला यावर आकडा ठरणार, आणि बाटलीला आतून चिकटलेलं लोह तर हिशेबात येणारच नाही. यंत्र लाखाचं असो की कोटीचं, त्याला मिळालं तेवढंच ते मोजतं.

उपाय साधा आहे. बोअर काही मिनिटं चालू ठेवून पाइपातलं शिळं पाणी जाऊ द्यायचं आणि नमुना घेतल्याबरोबर शुद्ध नायट्रिक आम्लाचे थेंब टाकून पीएच २ च्या खाली आणायचा. (थेंब टाकायचं काम प्रयोगशाळेच्या माणसाचं. घरी कुणी हा प्रयोग करू नये.) आम्लात धातू विरघळलेलेच राहतात, बाटलीला चिकटत नाहीत. फक्त विरघळलेलं लोह हवं असेल तर पाणी आधी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून काढायचं आणि मग आम्ल घालायचं. क्रम उलटला तर आम्ल मातीच्या कणांतलं लोहही विरघळवतं आणि तेही आपल्या पाण्याच्या नावावर चढतं.

बाटल्यांचेही नखरे असतात. फ्लोराइडसाठी काच टाळतात, प्लास्टिक घेतात. विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा तर बुडबुडासुद्धा न ठेवता बाटली काठोकाठ भरायची. जिवाणूंच्या तपासणीला मात्र वर थोडी जागा सोडायची, म्हणजे नमुना नीट हलवता येतो. नळाच्या पाण्यासाठी दिलेल्या त्या निर्जंतुक बाटलीत सोडियम थायोसल्फेट असतं. पाण्यातलं क्लोरीन ते निकामी करतं, नाहीतर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत क्लोरीन जिवाणूंना मारत राहील आणि अहवाल खोटाच गोड येईल. आपल्या लोकांना बाटली दिसली की विसळायची सवय! ती इथे घात करते, थायोसल्फेटच धुऊन जातं.

एवढं सांभाळून नमुना टेबलावर आला, तरी ऊन पाठ सोडत नाही. २० अंशांना एक लिटर पाणी साधारण ९९८ ग्रॅम भरतं, ४० अंशांना ९९२ ग्रॅम. म्हणून मोजमापाच्या फ्लास्कवर तो कोणत्या तापमानाला बरोबर आहे ते छापलेलं असतं : बहुतेक ठिकाणी २०, आणि उष्ण देशांसाठी २७ अंशांची सोय. सांडपाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन खातात ते मोजणारी बीओडी चाचणी इतरत्र २० अंशांना पाच दिवस चालते. आपल्याकडे २७ अंशांना तीन दिवस. ज्या शहरात १९५८ पासून नीरीसारखी पर्यावरण संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे, तिथे राहून मला हे इतक्या उशिरा कळलं, याची थोडी लाजच वाटली.

ताईंनी दोन बाटल्या दिल्या. आम्लाची लोहासाठी, दुसरी बाकीच्या तपासण्यांसाठी, बर्फाच्या डब्यात ठेवायची. त्यांचा माणूस सकाळी साडेसहाला घरी आला आणि बोअर सुरू करून तब्बल दहा मिनिटं नुसता घड्याळाकडे बघत उभा राहिला. शेजारच्या काकू गॅलरीतून ओरडल्या, "काहो, पाणी वाया चाललं ना!"

या वेळी अहवालात लोह मर्यादेच्या वर निघालं. पहिली बाटली अजून खिडकीत आहे. वरचं पाणी इतकं नितळ की पिऊन टाकावं.