पीटर आर्मिटेज

पीटर आर्मिटेज (१५ जून १९२४ – १४ फेब्रुवारी २०२४) हे ब्रिटिश मेडिकल स्टॅटिस्टिशियन. नवीन औषधाची ट्रायल चालू असताना मधेच थांबवायची का, कधी थांबवायची, हे आज ज्या हिशोबाने ठरवतात त्याचा बराचसा पाया यांनी घातलाय. मूळचा माणूस मात्र गणिताचा.

जन्म यॉर्कशायरमधल्या हडर्सफील्डचा. केंब्रिजला ट्रिनिटी कॉलेजात गणित शिकत होते तेव्हा दुसरं महायुद्ध जोरात होतं, मग शिक्षण अर्धवट टाकून सरकारच्या एसआर १७ नावाच्या स्टॅटिस्टिक्सच्या ग्रुपमध्ये गेले. ग्रुपचे प्रमुख जॉर्ज बर्नार्ड. काम युद्धाच्या सामानाच्या तपासणीचं, आणि तिथेच सिक्वेन्शियल पद्धतीशी ओळख झाली, म्हणजे लॉटमधला एकेक नग बघत जायचा आणि पुरेसं कळलं की थांबायचं, आधी ठरवलेला आकडा पुरा करत बसायचं नाही.

१९४७ला ते लंडन स्कूल ऑफ हायजीनमधल्या ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या मेडिकल स्टॅटिस्टिशियनच्या युनिटमध्ये आले. आता समोर तोफगोळे नाहीत, पेशंट. पेशंटही एकेक करूनच येतात, आणि एक औषध उघड उघड सरस ठरायला लागलं तर पुढच्याला कमअस्सल औषध कुठल्या तोंडाने द्यायचं? आर्मिटेजनी कारखान्यातली पद्धत इथे आणली. पेशंटची जोडी घ्यायची, एकाला हे औषध दुसऱ्याला ते, पहिलं जिंकलं की ग्राफवर रेघ एक घर वर, दुसरं जिंकलं की खाली, बरोबरी झाली तर ती जोडी सोडून द्यायची, आणि रेघ आधीच आखलेल्या हद्दीबाहेर गेली की ट्रायल बंद. १९६०चं ‘सिक्वेन्शियल मेडिकल ट्रायल्स’ हे त्यांचं पुस्तक याच विषयावर.

आता कुणी म्हणेल एवढा खटाटोप कशाला, डेटा येईल तसा बघत राहू, फरक दिसला की थांबू. इथेच गोची आहे. दोन्ही औषधं अगदी सारखी असली तरी ५ टक्क्यांच्या कसोटीवर एकदाच बघितलं तर खोटा फरक दिसायची शक्यता ५ टक्के, पण सारख्या अंतराने पाच वेळा डोकावलं तर ती साधारण १४ टक्के होते, दहा वेळा बघितलं तर १९च्या पुढे! हे कोष्टक आर्मिटेज, मॅकफर्सन आणि रो यांनी १९६९ला छापलं.

कॅन्सरवरचं कामही गाजलं. १९५४ला रोगांच्या प्रसाराचे अभ्यासक रिचर्ड डॉल यांच्यासोबत त्यांनी दाखवलं की बऱ्याच कॅन्सरमध्ये मृत्यूचं प्रमाण वयाच्या साधारण सहाव्या घाताने वाढतं, म्हणजे वय दुप्पट झालं की धोका ६४ पट, आणि त्यावरून अंदाज मांडला की पेशी कॅन्सरची होण्याआधी सहा-सात टप्पे पार करत असावी. पेशीत नेमकं काय बिघडतं हे तेव्हा कुणाला धड माहीत नव्हतं, सगळं मृत्यूच्या आकड्यांवरून काढलेलं, म्हणून मला तरी हे जास्त भारी वाटतं.

१९५५च्या पेपरमुळे कॉक्रन-आर्मिटेज ट्रेंड टेस्टला त्यांचं नाव लागलं, म्हणजे गट क्रमाने लावले की प्रमाण चढत किंवा उतरत जातंय का हे बघायची कसोटी. तिचं नेहमीचं उदाहरण मुलांच्या टॉन्सिल्सचं: नॉर्मल टॉन्सिल्सवाल्या ५१६ मुलांत स्ट्रेप्टोकॉकस हा जंतू बाळगणारी १९, थोडे वाढलेल्या ५८९ मुलांत २९, खूप वाढलेल्या २९३ मुलांत २४. गटागटांत फरक आहे का एवढंच बघणारी साधी काय-स्क्वेअर टेस्ट या तीन गटांचा क्रम लक्षातच घेत नाही, ही घेते.

१९६१ला हिल रिटायर झाल्यावर त्यांच्या जागी प्रोफेसर, १९७६पासून ऑक्सफर्ड, १९९०ला निवृत्ती. मधे रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीचे अध्यक्ष होते (१९८२–८४), सोसायटीचं गाय मेडल ब्रॉंझ, सिल्व्हर, गोल्ड तिन्ही मिळालं.

जोड्या लावायची त्यांची मूळ पद्धत फारशी वापरात राहिली नाही, कारण निकाल यायला वर्षं लागणाऱ्या आजारात ती चालत नाही. सत्तरच्या दशकात पोकॉक आणि मग ओब्रायन-फ्लेमिंग या स्टॅटिस्टिशियन मंडळींनी पेशंटचा एकेक गट झाला की बघायचे नियम काढले. मोठ्या ट्रायलवर लक्ष ठेवणारी मॉनिटरिंग कमिटी आज बहुतेकदा त्याच धर्तीवर चालते, किती वेळा डोकावायचं ते आधीच कागदावर.