सतरा ज्वेलची मर्यादा: जुन्या अमेरिकन ड्रेस घड्याळांची पार्श्वभूमी

जुनी अमेरिकन ड्रेस घड्याळं, म्हणजे औपचारिक पोशाखावर घालायची मनगटी घड्याळं, जमवणारे तीन गोष्टींवर भाळतात: लहानशी पातळ केस, आर्ट डेको वळणाचा चौकोनी आकार आणि आतल्या मशीनवर कोरलेला ज्वेलचा (घर्षण कमी करणाऱ्या माणकाच्या बेअरिंगचा) आकडा. पहिल्या दोन फॅशनने ठरवल्या. तिसरी मात्र बरीचशी जकातीच्या हिशेबातून आली.

वॉल्थम आणि एल्जिन या अमेरिकन घड्याळ कंपन्यांची सुरुवात आणि रेल्वेची खिशातली घड्याळं हा भाग बहुतेकांना माहीत आहे. पहिल्या महायुद्धानंतर घड्याळ मनगटावर आलं, आणि हॅमिल्टन कंपनीने १९२८ मध्ये बेझलवर (काचेभोवतीच्या कडेवर) काळ्या मिन्यात सोनेरी रोमन आकडे असलेलं 'पायपिंग रॉक' काढलं. १९३५ च्या सुमारास ग्रुएनने 'कर्व्हेक्स'साठी मशीनच मनगटाच्या गोलाईप्रमाणे वाकवलं. कलाकुसरीत हा काळ नंतर कोणाला गाठता आला नाही, असं माझं मत.

पण खरा गुंता १९३० च्या जकात कायद्यात आहे. सतराहून जास्त ज्वेल असलेल्या आयात मशीनमागे १०.७५ डॉलर जकात. तेवढ्यात तेव्हा अमेरिकेत एखादं साधं घड्याळच येई. त्यामुळे अमेरिकेला जाणारी बहुतेक स्विस मशीन सतरावर थांबली. साध्या चावीच्या घड्याळाला सतरा पुरतात हे खरंच. आपल्या एचएमटी जनतालाही तेवढेच होते. मशीन वेगवेगळ्या स्थितींत जुळवून पाठवलं तर त्याची जकात वेगळी पडे. म्हणून चांगल्या स्विस मशीनवरही 'अनॲडजस्टेड' (न जुळवलेलं) असं कोरलेलं सापडतं. नवखा संग्राहक ते वाचून बिचकतो. तो कर वाचवण्याचा उद्योग होता. अनेक मशीन अमेरिकेत पोचल्यावर तिथल्याच केसमध्ये बसत, आणि ग्रुएन, बुलोवा या कंपन्यांच्या घड्याळांना 'अमेरिकन' म्हणावं का हा वाद तिथूनच येतो. हॅमिल्टनची घरची १९ आणि २२ ज्वेलची मशीन याच जकातीच्या भिंतीआड वाढली.

पुढे ही भिंत उंच करायची मागणी आली. १९५२ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी ती फेटाळली. १९५४ मध्ये त्यांच्या उत्तराधिकाऱ्यांनी जकातीत ५० टक्क्यांपर्यंत वाढ केली. समर्थकांचा मुद्दा संरक्षणाचा होता: युद्धात याच कारागिरांनी तोफगोळ्यांचे वेळेचे फ्यूज आणि जहाजांची क्रोनोमीटर बनवली होती, ते हात गमावू नयेत. आयातदारांच्या मते ही सरळ ग्राहकाच्या खिशाला चाट होती. संरक्षणाचा मुद्दा पोकळ नव्हता, पण उपाय उशिरा आला. वॉल्थम १९५० च्या आधीच दिवाळखोरीत गेली होती. शिवाय काही आयातदार सतरा ज्वेलचं मशीन आणून अमेरिकेत वरचे ज्वेल बसवत, म्हणजे पळवाट होतीच. वाढीव जकात १९६७ मध्ये रद्द झाली आणि १९६९ मध्ये हॅमिल्टनने अमेरिकेतल्या लँकेस्टरमधलं उत्पादन थांबवलं.

आजचा संग्राहक याचा फायदा उठवतो. त्याच काळातल्या नामांकित स्विस ड्रेस घड्याळाच्या तुलनेत हॅमिल्टन बरंच स्वस्त पडतं. फक्त डायल नव्याने रंगवलेली नाही ना आणि गोल्ड-फिल्ड (सोन्याचा पत्रा चढवलेल्या) केसचे पट्टा अडकवायचे कान झिजून आतला पितळी रंग दिसत नाही ना, हे पाहावं. चौदा कॅरेटच्या भरीव केस मात्र कमी होत आहेत. सोन्याचा भाव चढला की त्या वितळवल्या जातात, आणि मशीन केसविना, डायलसकट, घाऊक विकायला येतात.