गवत आधी चिमटीत फिरवून पाहा

जून सरता सरता सांगलीत विश्रामबागेतल्या बंगल्यांपुढची लॉन दोन रंगांची दिसू लागते. मूळची हिरवळ गडद आणि मध्येच पोपटी, चकचकीत पात्यांचे पुंजके. कापणीनंतर चार दिवसांत ते बाकीच्यांपेक्षा दोन बोटं वर आलेले असतात. मग कृषी सेवा केंद्रातून तणनाशकाची बाटली येते. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. समोर काय उगवलंय हे कळल्याशिवाय फवारणी करू नये.

ओळखताना रंगावर विसंबू नका. सावली, पाणी, युरिया यांनी तो सहज बदलतो. एक रोप बुडाशी धरून त्याचं खोड चिमटीत फिरवा. तीन कडा बोटांना लागल्या, तर ते गवतच नाही. तो लव्हाळा, म्हणजेच नागरमोथा. खऱ्या गवताचं खोड गोल किंवा चपटं असतं, पेरांवर भरीव आणि मध्ये बहुधा पोकळ. (ऊसही गवतच, पण त्याची कांडी भरीव. पोकळ असती तर आपल्याकडे इतके कारखाने निघालेच नसते.) गवताची पानं दोन रांगांत येतात, लव्हाळ्याची तीन.

लव्हाळा उपटून संपत नाही, याचं कारण जमिनीखाली आहे. तिथे बारीक दोऱ्यासारख्या खोडांनी जोडलेल्या काळपट गाठींची माळ असते. तीच सुगंधी गाठ दिवाळीच्या उटण्यात पडते. माळ अखंड असेपर्यंत टोकाची गाठ मागच्या गाठींचे डोळे दबवून ठेवते. खुरप्याने माळ तुटली की ते डोळे जागे होतात आणि एका रोपाच्या जागी अनेक रोपं येतात. उसात सर्रास वापरलं जाणारं टू-फोर-डी मुख्यतः रुंद पानांच्या तणांसाठी आहे. त्याने लव्हाळ्याचा शेंडा करपला तरी गाठी जिवंत राहतात. हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल मात्र पानांतून गाठीपर्यंत उतरतं, म्हणून ऊसवाले लव्हाळ्यासाठी ते मारतात. ग्लायफोसेट मारलं, तर लव्हाळ्यासोबत लॉनही जाईल.

खोड गोल किंवा चपटं निघालं, तर पान खोडापासून हलकेच मागे ओढा. पान जिथे खोडाला सोडतं, तिथे आतल्या बाजूला जिव्हिका असते. हरळीत, म्हणजे गणपतीच्या दूर्वांत, ती बारीक केसांची झालर असते. काही गवतांत पातळ पापुद्रा असतो. भिंग नसेल तर मोबाइलचा कॅमेरा जवळ धरून फोटो मोठा करा.

तरीही उलगडा झाला नाही, तर एवढा एक पुंजका न कापता तुऱ्यावर येऊ द्या. हरळीच्या तुऱ्यात तीन ते सहा बारीक काड्या एकाच बिंदूतून फुटतात. नाचणीच्या वंशातलं एक रानगवत, एल्युसिनी इंडिका, तसंच दिसतं. पण त्याच्या काड्या जाड असतात, बऱ्याचदा एखादी काडी थोडी खालून निघते आणि बुडखा चपटा, पांढरट असतो. ते वर्षायू आहे. तुरा पिकण्याआधी, ओल असताना मुळासकट काढलं की त्या रोपाचा विषय संपला.

पान रुंद, टोकाला बोथट आणि तुऱ्याच्या शेंड्याला दोन काड्यांची जोडी असेल, तर ते बहुधा कार्पेट गवत. ऊन कमी पडून हरळी विरळ होते तिथेही ते टिकतं. आंब्याखाली आलं असेल, तर उपटू नका.